गोळी घेतली आणि रिपोर्ट सुधारला?

भिलाईजवळच्या हथखोज औद्योगिक वसाहतीत दिवसभर लोखंडाचीच कामे. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, तेव्हापासून या परिसराची ओळखच लोखंडाची. तिथल्या बायकांच्या अंगात लोह कमी पडावे, याचे नवल वाटेल. पण माणसाच्या शरीरात लोह असते जेमतेम तीन-चार ग्रॅम, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला.

समजा, इथल्याच एका गृहिणीला जिना चढताना धाप लागते. हिमोग्लोबिन निघते नऊ. डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात. दीड महिन्याने फेरतपासणी. त्या दिवशीही बाई नेमाने सकाळची गोळी घेतात, मग लॅब गाठतात. सिरम आयर्नचा आकडा छान वर! घरचे म्हणतात, "झालं की भरून, आता गोळ्या कशाला? पोटही बिघडतंय." गोळ्या बंद होतात आणि चार महिन्यांत धाप परत येते.

चूक लॅबची नसते. सिरम आयर्न म्हणजे त्या घटकेला रक्तातून वाहणारे लोह. गोळीनंतर काही तासांत ते चढते आणि पुन्हा उतरते. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन त्याच आकड्यावरून काढतात, त्यामुळे तेही फुगते. म्हणून डॉक्टरांना विचारून तपासणीआधी साधारण चोवीस तास गोळी घेऊ नये आणि रक्त सकाळी द्यावे. ताकदीच्या म्हणून घेतल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांतही लोह असते, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते.

सिरम आयर्न हे पाकिटातले पैसे, तर फेरिटिन ही बँकेतली शिल्लक. एका गोळीने ती हलत नाही. पण तीही कधी फसवते. ताप, जंतुसंसर्ग, सांध्यांची सूज किंवा यकृताचा आजार असला, की साठा नसतानाही फेरिटिन वाढलेले दिसते. एरवी पंधराखाली गेले तर कमतरता मानतात; सूज किंवा संसर्ग असेल तर जागतिक आरोग्य संघटना सत्तरखालचा आकडाही कमतरतेचा धरते. नुकताच ताप येऊन गेला असेल, तर डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

गोळी लागू पडली, तर महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन अंकांनी वाढते. नाहीच वाढले, तर आधी घरातच पाहावे. गोळीपाठोपाठ चहा होतो का? शौच काळे दिसले म्हणून घाबरून मध्येच गोळी सोडली का? (तो रंग लोहाचाच.) पाळीत रक्तस्राव जास्त जातो का? शिवाय छत्तीसगड आणि विदर्भ हे सिकलसेलचे पट्टे. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया गोळ्यांनी बरा होत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनची वेगळी तपासणी लागते.

हिमोग्लोबिन बारावर गेले, तरी साठा भरायला बहुधा आणखी तीनेक महिने गोळ्या चालू ठेवतात. आणि रक्त देताना लॅबच्या चिठ्ठीवर शेवटची गोळी कोणत्या दिवशी, किती वाजता घेतली, ते लिहून द्यावे.