मांजराच्या गळ्यात नरसाळं

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, ही उंदरांची मीटिंग आपण सगळ्यांनी शाळेत वाचली. उंदीर नशीबवान! त्यांना निदान घंटाच बांधायची होती. ऑपरेशन झालेल्या मांजराच्या गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं अडकवायचं आणि ते दहा दिवस तिथेच टिकवायचं, असं काम अंगावर आलं असतं तर ती मीटिंग अजूनही चालू असती.

आमच्या ओझरच्या घरात हे काम नुकतंच पार पडलं. चिंगी, वय वर्षं एक, रंग करडा-पांढरा, स्वभाव बॉसचा. तिचं नसबंदीचं ऑपरेशन नाशिकला झालं. मुद्दाम शनिवार निवडला. रविवार हाताशी आणि पुढचे दोन दिवस वर्क फ्रॉम होम. डॉक्टरांनी टाके दाखवले, औषध दिलं आणि गळ्यात पारदर्शक कॉलर चढवली. ‘मी टाके बघेपर्यंत काढायची नाही,’ एवढंच बजावलं. बाबांची सगळी नोकरी एचएएलमध्ये गेलेली. त्यांनी चिंगीला पुढून-मागून न्याहाळलं आणि निकाल दिला, ‘रडार बसवलंय.’

या प्रकाराचं खरं नाव एलिझाबेथन कॉलर. सोळाव्या शतकात, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, इंग्लंडचे बडे लोक मानेभोवती चुण्यांची भलीमोठी गोल कॉलर घालून मिरवायचे. त्यावरून हे नाव. २००९च्या ‘अप’ या सिनेमात कुत्र्याला शिक्षा म्हणून हेच नरसाळं घालतात. तेव्हापासून सगळेच त्याला हसतात.

पण मांजराची जीभ बघितलीत का कधी? हातावर फिरली की सॅंडपेपर घासल्यासारखं वाटतं. तिच्यावर आपल्या नखांच्याच द्रव्याचे, म्हणजे केराटिनचे, मागे वळलेले बारीक काटे असतात. केस विंचरायला एकदम बेस्ट, टाक्यांसाठी तेवढेच वाईट. चाटून-ओढून टाका सुटला, जखमेत जंतू गेले की पुन्हा दवाखाना, कधी पुन्हा भूल आणि पुन्हा टाके. ‘थोडंसं चाटलं तर काय होतंय?’ याचं उत्तर हे असं आहे.

आता मांजराच्या बाजूने बघा. कॉलर चढताच चिंगी उलटी चालायला लागली. मागे, मागे, थेट सोफ्याखाली. बरीच मांजरं असं करतात. मानेवरचं हे झंझट मागे सरकून सुटेल असं त्यांना वाटत असावं. मांजर अरुंद जागेचा, अंधाराचा अंदाज मिशांनी घेतं. त्या मिशा आता सतत प्लास्टिकला घासतात. बाजूचं नीट दिसत नाही. आवाज कुठून येतोय ते कळायला कान वळवावे, तर तिथेही भिंत. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ६० हजारांच्याही पुढे. त्यात आमचं गाव ओझर! एरवी डोक्यावरून सुखोई गेलं तरी चिंगी जांभई देते. त्या रविवारी तेच विमान गेलं आणि ती पलंगाखाली जाऊन बसली, ती दुपारपर्यंत तिथेच.

दुपारी आईचा धीर सुटला. ‘अगं, काढ ते. मुकं जनावर आहे, बोलता येत नाही म्हणून काय छळायचं?’ आईचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. २०२० साली सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी कॉलर घातलेल्या कुत्र्या-मांजरांच्या चारशेहून जास्त मालकांना प्रश्न विचारले. तीन चतुर्थांशांहून जास्त मालकांनी सांगितलं की त्या दिवसांत प्राण्याचं जगणं बिघडलं. खाणं-पिणं, खेळणं, सगळंच अवघड. म्हणजे त्रास खरा आहे, आपल्या मनाचे खेळ नाहीत.

आणि आमच्याकडे खरं टेन्शन खाण्याचंच होतं. शनिवारी रात्री भुलीचा अंमल म्हणून खाल्लं नाही, ते समजण्यासारखं. पण रविवारीही वाटी तशीच. मांजराला आपल्यासारखा चतुर्थीचा उपास झेपत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. मी जमिनीवर पालथी पडून बघत बसले. चिंगी वाटीपर्यंत येत होती, वास घेत होती. पण कॉलरची कड आधी फरशीला टेकायची, वाटी पुढे ढकलली जायची आणि बाई रुसून परत. भूक होती, तोंड पोहोचत नव्हतं!

मग पोळ्यांचा डबा उपडा घातला, त्यावर पसरट बशी ठेवली आणि खाणं किंचित कोमट केलं, म्हणजे वास सुटतो. चार मिनिटांत बशी साफ. आईने डोळे पुसले आणि लगेच विचारलं, ‘माझा पोळ्यांचा डबाच सापडला का?’

त्या दिवशी कळलेला फंडा असा, की सवय मांजराला कमी आणि घराला जास्त लावायची असते. कॉलर सोडून बाकी सगळं बदलता येतं. शी-शूच्या ट्रेचं झाकण काढा, नाहीतर सरळ पसरट घमेलं वापरा. पाण्याची बशीही उंचावर ठेवा. कपाटावर आणि खिडकीत उडी मारायच्या वाटा बंद करा, कारण तिचा अंदाज चुकतो आणि टाक्यांवर ताण येतो. बाहेर सोडायचं तर नावच नको. कॉलर आणि मान यांच्यात दोन बोटं जावीत आणि कड नाकाच्या थोडी पुढे असावी. कमी असेल तर जीभ पोहोचतेच. कॉलरला लागलेलं खाणं रोज ओल्या फडक्याने पुसा. तिला स्वतःला चाटता येत नाही, तेव्हा गालांवर, कानांमागे हलक्या हाताने तुम्हीच ब्रश फिरवा. चिंगी दुसऱ्याच दिवशी या पार्लरची वाट बघायला लागली.

अगदीच जमत नसेल तर कापडी मऊ कॉलर मिळते, टाके झाकणारा अंगरखा मिळतो. पण आपल्या मांजराला काय चालेल ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. काही डॉक्टर समोर बसून जेवण भरवण्यापुरती कॉलर काढू देतात, तेही विचारून घ्या. दिवसभर काही खाल्लं नाही, जखम लाल झाली, सुजली, ओली दिसली तर फोन करा. आणि कळवळून घरातली क्रोसिन द्यायला जाऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी टाके बघितले, कॉलर काढली. घरी आल्यावर चिंगीने पाऊण तास स्वतःला चाटलं, आमच्याकडे ढुंकूनही न बघता. ‘थँक यू’ वगैरेची अपेक्षा मांजराकडून ठेवायची नसते. पोळ्यांचा डबा आईला परत मिळालाय. नरसाळं धुऊन माळ्यावर ठेवलंय, कारण समोरच्या काकूंच्या बोक्याचा नंबर पुढच्या महिन्यात आहे. काकू आत्ताच म्हणताहेत, ‘मला नाही बाई बघवणार.’ त्यांना एक जुना डबा आणि एक पसरट बशी आधीच काढून ठेवायला सांगितलंय.