दगडमातीचं गेस्ट हाऊस आणि आपली डिग्री

सह्याद्रीतला कुठलाही घाट चढून जा. वळणावळणावर ‘नेचर स्टे’च्या पाट्या दिसतील. पाटीमागे बहुतेक वेळा काय असतं? आर.सी.सी.चा सांगाडा, वर पत्रा आणि भिंतीला चिकटवलेल्या बांबूच्या पट्ट्या! याला ‘इको-फ्रेंडली’ म्हणणं म्हणजे टी-शर्टवर वाघ छापून जंगल वाचवल्यासारखंच.

माझं मत सरळ आहे. डोंगरातलं गेस्ट हाऊस तिथल्याच दगडमातीचं, बांबूचं असावं. पण त्यासाठी इंजिनीअर कमी नाही, जास्तच लागतो.

साहित्याची वानवा नाही. काळा दगड आहे, महाबळेश्वरच्या पठारावर नि कोकणात जांभा आहे, कुडाच्या भिंतीला कारवी आहे. सिमेंटसाठी मात्र चुनखडी भाजावी लागते. तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, इंधनाचा धूर वेगळाच. वर ते ट्रकने घाट चढवायचं.

आता अडचणीचं बोलू. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मातीची भिंत उघडी ठेवली तर गेलीच! म्हणून जोतं दगडी आणि उंच हवं, छपराचा उतार तीव्र हवा, वळचण लांब हवी, पावसाच्या तोंडाला पडवी हवी. बांबूला बोरॅक्स-बोरिक ॲसिड पाजलं तर कीड लागत नाही, पण पावसात ते धुऊन जातं. म्हणजे बांबूही छपराखालीच हवा. हे सगळं डिझाइनच आहे ना?

आणि ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांनी किल्लारी विसरू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे दगडमातीच्या घरांखालीच हजारो माणसं गेली. जाड भिंतींचे आतले-बाहेरचे थर एकमेकांत गुंतवलेले नव्हते, वर माळवदाचा भार. उलट 2005 च्या काश्मीर भूकंपात ‘धज्जी देवारी’ पद्धतीची घरं तुलनेनं चांगली टिकली. तिथेही दगडमातीच, पण लाकडी चौकटीत बांधलेली. दोष मातीचा नव्हे, जोडणीचा!

हे ज्ञान गुप्त नाही. मातीच्या घरांसाठी आय.एस. 13827 आणि कच्च्या दगडी बांधकामासाठी आय.एस. 13828 ही दोन्ही मानकं 1993 सालीच आली. भिंतीच्या पूर्ण जाडीचे दगड दर 600 मिलिमीटर उंचीला, आडवे 1.2 मीटरच्या आत घाला, असं दुसऱ्यात स्पष्ट आहे. पट्ट्यासाठी थोडं सिमेंट-सळई वापरलं तर पाप लागत नाही. सिमेंट शत्रू नाही, सवय शत्रू आहे.

आपल्या चार वर्षांत माती भेटते ती सॉइल मेकॅनिक्समध्ये, पायाखालची म्हणून. भिंतीतली माती भेटतच नाही. मग उद्या कुणी गावकरी मातीच्या खोल्यांचं डिझाइन मागायला आला, तर आपण काय करणार? तीच कॉलम-बीमची ड्रॉइंग काढून देणार!

म्हणून सिव्हिलच्या दोस्तांना आणि सरांनाही विनंती. यंदा एक तरी फायनल इयर प्रोजेक्ट असा होऊ दे. हॉस्टेलमागची माती चाळा, थोडं सिमेंट मिसळून ब्लॉक पाडा, 28 दिवस ओले ठेवा आणि मशिनखाली फोडून बघा. एक सुका, एक भिजवलेला. दोन आकड्यांतला फरक काय सांगतो ते गावच्या गवंड्याशी बोला. त्याला बरंच आधीपासून ठाऊक असेल. आकडा मात्र आपणच देऊ शकतो.