केसांचं काय घेऊन बसलीस?

परवा प्रतापनगरला मावसबहिणीला बघायला गेले होते. डेंग्यूतून उठलीय बिचारी. प्लेटलेट्स, पपईच्या पानांचा रस, किवीचे भाव... सगळ्या गप्पा झाल्या. एक गोष्ट मात्र तिला कुणीच सांगितली नव्हती. मलाही 2021 मध्ये सांगितली नव्हती.

नागपूरचा तो एप्रिल आपल्यापैकी कुणाला आठवून द्यायला नको. नऊ दिवस ऑक्सिजनवर राहून मी घरी आले. दोन महिने बरे गेले आणि जुलैत कंगव्यात केसांचे पुंजकेच यायला लागले. न्हाणीघराची जाळी तुंबायची. मला वाटलं, आजार उलटला. (हो, कडी लावून रडलेसुद्धा.) मग पेंचच्या पाण्याला दोष देऊन झाला, इतवारीतून माका-जटामांसी आणून तेल उकळून झालं. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत उलगडा केला.

डोक्यावरचे जवळजवळ 90 टक्के केस वाढत असतात, बाकीचे विश्रांती घेतात. त्यातले रोज 50 ते 100 गळतात, ते चालायचंच. पण मोठ्या तापात खूपसे केस एकाच वेळी विश्रांतीत जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. म्हणजे माझे जुलैतले केस एप्रिलचा हिशोब चुकता करत होते! मूळ मरत नाही, सहसा सहा महिन्यांत गळती थांबते. नाही थांबली तर लोह, थायरॉईड तपासून घ्यावं. कोविड असो, डेंग्यू असो की चिकुनगुनिया, प्रकार तोच.

गंमत म्हणजे आमच्या आजीला हे ठाऊक होतं. मुदतीच्या तापानंतर केस जातात आणि परत येतात, असं ती सांगायची. तेव्हा कोण ऐकतंय!

"जीव वाचला ना, मग केसांचं काय घेऊन बसलीस?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, गेलेली वेणी परत यायला वर्षं लागतात. आणि मी काही नुसत्या वेणीसाठी रडत नव्हते. आपण अजून बरे झालोच नाही, ही भीती होती ती. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या वेळा लिहितात, पुन्हा कधी दाखवायचं ते लिहितात. तिथे ही एक ओळ लिहायला काय जातं हो?

असो. निघताना बहिणीच्या कालनिर्णयात तीन महिने पुढच्या पानावर पेन्सिलीनं गोल केला. म्हटलं, "कदाचित केस गळतील. घाबरू नको, मला फोन कर."

ती हसली. मग वेणी पुढे घेऊन बघत बसली.