लुसी हत्तीण आणि २४ लाख डॉलर

लुसीच्या दुरुस्तीला २४ लाख डॉलर लागले हे कळल्यापासून इथले आपले काही मराठी मित्र हळहळतायत. "पत्र्याच्या हत्तीवर एवढा खर्च? तेवढ्यात शाळा सुधारली असती!" मीही न्यू जर्सीतच राहतो, कर भरतो. पण मला हा खर्च योग्य वाटतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अटलांटिक सिटीजवळ मार्गेट नावाचं छोटं गाव आहे. १८८१ साली जेम्स लॅफर्टी या गृहस्थाने प्लॉट खपवायला तिथे समुद्रकाठी लाकूड-पत्र्याचा ६५ फुटी हत्ती उभा केला. पायातून जिना, पोटात हॉल, पाठीवर अंबारी. (नाव हत्तिणीचं आणि सुळे हत्तीचे! आपल्याकडचं पोरगंही हसेल.) म्हणजे मुळात ती जाहिरातच, पवित्र-बिवित्र काही नाही.

तरी १९७० मध्ये ती पाडायची वेळ आली तेव्हा गावकऱ्यांनी समिती केली, पैसे जमवले आणि ते ९० टनांचं धूड रस्त्यावरून ओढत दोन चौक पलीकडे नेलं. १९७६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. कोनी आयलंडचा असाच हत्ती १८९६ मध्ये जळाला, केप मेचा पाडला. ही एकटी उरली.

आता खर्चाचं. खाऱ्या हवेने तिचा निम्म्याहून जास्त पत्रा कामातून गेला होता. गंजावर रंग फासून भागलं असतं, फोटोत कुणाला कळलंही नसतं. पण पाणी आत शिरलं की लाकूड कुजतं, आणि तो १४० वर्षांचा सांगाडा पुन्हा कुठून आणणार? म्हणून जुनी कातडी उतरवून नवा पत्रा चढवला. वर्षभराहून जास्त बंद ठेवून डिसेंबर २०२२ मध्ये ती उघडली. पैसा आला वारसा-जतनाच्या अनुदानांतून आणि देणग्यांतून. हत्ती नाही म्हणून ते अनुदान शाळेकडे वळलं नसतं.

माझी मागणी वेगळी आहे. दर वर्षी तिकिटाच्या पैशातून गळती तपासायला आणि रंगाला ठरावीक रक्कम आधी बाजूला पडली पाहिजे, बाकीचे खर्च नंतर. नाहीतर अजून वीस-तीस वर्षांनी पुन्हा एवढंच बिल.

या उन्हाळ्यात आम्ही घरचे सगळे जाणार आहोत, तिकीट काढून. कोण येतंय?