लिनक्सवर गाणं करायचंय? मग ‘लो-लेटन्सी कर्नल’ लागतोच का?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. ज्यांच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही, त्यांच्यापैकी अनेकजण आता लिनक्सकडे बघतायत. धाराशिव, तुळजापूर, उमरग्यात घरातल्याच खोलीत देवीची गाणी किंवा संबळ-हलगीचे ट्रॅक बनवायचे असतील, तर हा पर्याय खिशाला परवडणाराही आहे. लिनक्स फुकट आहे, आर्डर, एलएमएमएस, म्युझस्कोअर ही सॉफ्टवेअर त्यावर चालतात.

पण सोशल मीडियावर विचारलं की पहिला सल्ला हमखास येतो: “आधी लो-लेटन्सी कर्नल टाक, नाहीतर आवाज फाटेल.” यात तथ्य किती?

लेटन्सी म्हणजे काय?

तुम्ही की-बोर्डची पट्टी दाबली आणि सूर कानावर आला, यात जाणारा वेळ म्हणजे लेटन्सी. कॉम्प्युटर आवाज छोट्या-छोट्या तुकड्यांत पाठवतो. या तुकड्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने १,०२४ नमुन्यांचा बफर भरायला सुमारे २१ मिलीसेकंद लागतात, १२८चा भरायला फक्त २.७. प्रत्यक्षात येण्या-जाण्याचे दोन्ही बफर आणि साउंड कार्डचा वेळही त्यात मिळवावा लागतो.

तुलनेसाठी, आवाज हवेतून १० मिलीसेकंदांत जवळपास साडेतीन मीटर जातो. म्हणजे संबळवाला तेवढ्या अंतरावर उभा असेल, तर त्याचा ठोका मुळातच १० मिलीसेकंद उशिरा ऐकू येतो. तरी ताल सुटत नाही!

कर्नलचा संबंध कुठे येतो?

कोणत्या कामाला प्रोसेसर कधी द्यायचा, हे कर्नल ठरवतो. उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलेली रुग्णवाहिका आठवा. साधा कर्नल काही वेळा हातातलं काम संपल्यावरच वाट देतो. लो-लेटन्सी कर्नल ट्रॅक्टरला मध्येच बाजूला घ्यायला लावतो. रुग्णवाहिकेचा वेग वाढत नाही, ती अडकून पडत नाही एवढंच. बदल्यात ट्रॅक्टर थोडा रखडतो, म्हणजे इतर कामं किंचित मंदावतात.

मग आता बदललं काय?

पूर्वी हा सल्ला बरोबरच होता. रिअल-टाइम कर्नलसाठी सुमारे वीस वर्षं वेगळा पॅच लावावा लागायचा. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या लिनक्स ६.१२पासून तो मूळ कर्नलचाच भाग झाला. त्याआधी, २०२१च्या ५.१२पासून, साध्या कर्नललाही सुरू होताना ‘पटकन वाट दे’ असं सांगण्याची सोय आली होती. संगीतासाठीच्या उबुंटू स्टुडिओनेही २०२४मध्ये वेगळा लो-लेटन्सी कर्नल सोडून साध्या कर्नललाच तशी सेटिंग्ज लावली.

गरज कुणाला आहे?

– माउसने सूर मांडणं, नोटेशन लिहिणं, मिक्सिंग: गरज नाही. बफर १,०२४ ठेवा आणि निवांत काम करा.
– आधीच्या ट्रॅकवर गायन किंवा संबळ रेकॉर्ड करणं: बहुतेकदा गरज नाही. ऑडिओ इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ असेल, तर स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये येतो. ट्रॅकमधला फरक सॉफ्टवेअर भरून काढतं.
– मिडी की-बोर्डवर लाइव्ह वाजवणं, गिटारचा आवाज सॉफ्टवेअरमधून काढणं: इथे बफर १२८ किंवा त्याहून कमी लागतो. आधी साध्या कर्नलवर करून बघा. तरी आवाज तुटत असेल, तरच कर्नलचा विचार करा.

आवाज फाटतो तो कशाने?

बऱ्याचदा दोष कर्नलचा नसतोच. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो, पॉवर सेव्हिंग सुरू होतं आणि प्रोसेसर मंदावतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तापलेलं मशीनही स्वतःचा वेग कमी करतं. वाय-फाय आणि एकाच यूएसबी हबवर लावलेली चार उपकरणंही अडथळा आणतात. शिवाय ऑडिओ सॉफ्टवेअरला रिअल-टाइम प्राधान्याची परवानगी दिलेली नसेल, तर भारीतला कर्नलही कामाचा नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: चार्जर लावा, पॉवर मोड ‘परफॉर्मन्स’वर न्या, वाय-फाय बंद करा, परवानग्या तपासा, बफर वाढवून बघा. कर्नल सगळ्यात शेवटी. तो बदललाच, तर जुना कर्नल काढू नका. काही ग्राफिक्स ड्रायव्हर, विशेषतः एनव्हिडियाचे, रिअल-टाइम कर्नलवर अडून बसल्याची उदाहरणं आहेत. नवरात्राच्या तोंडावर चालू मशीन बंद पडलं, तर नुकसान गाण्याचं होतं.

नवीन लॅपटॉपवर पैसे घालण्याआधी उबुंटू स्टुडिओ पेनड्राइव्हवरून सुरू करून बघा. काही इन्स्टॉल न करताही तुमचं साउंड कार्ड ओळखलं जातं का आणि आवाज निघतो कसा, याचा अंदाज येतो.