गप्प बाकांचे उत्तर

कार्तिकी यात्रेने गजबजणारे साजगाव खोपोलीच्या वेशीवर वसले आहे. आणि या मुलुखातील वाड्यांवरून कातकरी व ठाकर समाजाची जी मुले शाळेत येतात, त्यांच्या घरची बोली पुस्तकी मराठीहून भिन्न असल्यामुळे, ‘समजले का?’ या गुरुजींच्या प्रश्नास पुढच्या बाकांवरून उठणारा होकार हाच संपूर्ण वर्गाचा कौल मानण्याचा शिरस्ता मला अत्यंत घातक वाटतो. मागच्या बाकावर अपूर्णांकात अडखळलेली मुलगी मग परीक्षेपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

या अडचणीवर प्लिकर्स नावाची अल्पखर्ची युक्ती उपलब्ध आहे. प्रत्येक मुलाच्या हाती विशिष्ट आकृती छापलेला कागद असतो. त्याची कोणती कड वर धरली यावरून चार पर्यायांपैकी एक उत्तर ठरते, आणि शिक्षकाच्या मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरताच प्रत्येकाचे उत्तर नोंदले जाते. मुलांजवळ यंत्र लागत नाही, आणि चूक चारचौघांत उघडी पडत नाही. (पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरण्याची आपली जुनी रीत याच जातीची.) हार्वर्डचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक माझूर हे १९९१ पासून व्याख्यान मध्येच थांबवून असा कौल घेत व विद्यार्थ्यांना आपसांत चर्चा करू देत.

मात्र या नोंदी तपासणीच्या दप्तरात जाऊ नयेत, एवढा माझा आग्रह आहे. निम्मा वर्ग चुकला असे दिसताच गुरुजींनी तोच भाग, मुलांच्या बोलीतील शब्द घेऊन, त्याच तासाला पुन्हा शिकवावा.