आंकडा कीं अक्षर?

सोलापुराजवळील कुंभारी हें गांव आतां घरकुलांमुळें सर्वांस ठाऊक झालें आहे. विडी वळणाऱ्या स्त्रियांकरितां बांधलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीचीं दहा हजार घरें २००६ सालीं त्यांच्या ताब्यांत आलीं. पुढें रे नगरचीं तीस हजार योजिलीं गेलीं व त्यांपैकीं पंधरा हजारांचें लोकार्पण जानेवारी २०२४ मध्यें झालें. एवढ्या संसारांची नोंदवही संगणकावर ठेवावयाची, तर आंत लिहिलेली प्रत्येक गोष्ट कोणत्या प्रकारची, हें आधीं ठरवावें लागतें. आमच्या वाचकांच्या घरांतील जीं मुलें जावास्क्रिप्ट शिकूं लागलीं आहेत, त्यांनीं येथूनच आरंभ करावा.

ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं अवघ्या दहा दिवसांत रचलेल्या ह्या भाषेंत आंकड्यास नंबर, अक्षरांच्या मालिकेस स्ट्रिंग, आणि होय-नव्हे एवढ्याच उत्तरास बूलियन म्हणतात. समजा, एका बाईनें सोमवारीं ६०० व मंगळवारीं ४०० विड्या वळल्या. दोन्ही नंबर असतील तर बेरीज १००० येईल. परंतु पडद्यावरील रकान्यांत टंकलेला मजकूर स्ट्रिंग म्हणूनच येतो, आणि मग अधिकचें चिन्ह दोहोंस एकापुढें एक चिकटवून ६००४०० करतें. सहा लक्ष चारशें विड्या! मौज अशी कीं, वजाबाकीचें चिन्ह मात्र मुकाट्यानें २०० हेंच उत्तर देतें. म्हणून बेरजेपूर्वीं ‘नंबर’ ह्याच नांवाच्या क्रियेनें रूपांतर करून घ्यावें. तेंही इंग्रजी आंकड्यांचेंच होतें. आपले देवनागरी आंकडे दिले तर ‘नॅन’, म्हणजे ‘हा आंकडा नव्हे’, असें उत्तर मिळतें. त्या नॅनचा प्रकार विचारावा, तर भाषा म्हणते नंबर!

उलट, बँकेच्या खात्याचा क्रमांक दिसतो आंकड्यासारखा, पण त्याची बेरीज कोण करतो? तो स्ट्रिंगच ठेवावा. नंबर केला तर आरंभींचीं शून्यें गळतात, आणि ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढें पूर्णांकांच्या नेमकेपणाची हमी उरत नाहीं. हीं शून्यें क्षुल्लक नव्हेत. तीं गळलीं तर एखाद्या बाईची मजुरी तिच्या खात्यापर्यंत पोंचावयाची नाहीं.

रिकामपणही दोन प्रकारचें असतें. घर अद्याप कोणास दिलेलें नाहीं असें जाणून नोंदवावयाचें तर नल. कोणीं कांहीं लिहिलेंच नाहीं तर अनडिफाइन्ड. पहिली कारकुनानें ओढलेली रेघ, दुसरा कोरा रकाना. सिम्बॉल व बिगइंट हे मागाहून आलेले प्रकार नवशिक्यानें तूर्त बाजूस ठेवले तरी चालेल.

घराचा क्रमांक मात्र नंबर ठेवावा कीं स्ट्रिंग, हें मुलांस अवश्य विचारून पाहावें. ‘१२ अ’ असें एखादें घर बहुतेक वसाहतींत असतेंच.